कोरोनात टेस्ट फुकट होती, तरी लोक टेस्टला का येत नव्हते?

जानेवारी २०२५ मध्ये आधी एचएमपीव्ही या सर्दी-खोकल्याच्या विषाणूची हवा झाली, ती विरते न विरते तोवर पुण्यात जीबीएसचे, म्हणजे गिलेन-बारे या नसांच्या आजाराचे, पेशंट वाढले आणि त्यातला एक संशयित मृत्यू आपल्या सोलापुरात झाला. झालं, प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच प्रश्न, याची टेस्ट आपल्याकडं होते का ओ, आणि किती घेतात? मी एका छोट्या खासगी लॅबमध्ये टेक्निशियन आहे त्यामुळं असले मेसेज शेवटी माझ्याकडंच येतात. आता जीबीएस एकाचा दुसऱ्याला लागत नाही, ती गोष्टच वेगळी, पण "टेस्ट होते का" या प्रश्नाला हो किंवा नाही असं एका शब्दात उत्तर देताच येत नाही. कोरोनात आपण हे सगळं भोगलंय, पण नेमकं अडलं कुठं ते कुणी नीट समजावून सांगितलं नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो, टेस्टची खरी किंमत पावतीवर नसते. ती रिपोर्ट यायला किती दिवस लागतात आणि पॉझिटिव्ह आल्यावर घरात चूल कशी पेटणार, यावर ठरते. कसं ते बघू.

टेस्टमध्ये करतात काय

आरटी-पीसीआर हा शब्द आता शेंबड्या पोरालाही पाठ आहे, पण आत काय होतं ते बऱ्याच जणांना माहीत नसतं. लांब काडीनं नाकातून, घशातून नमुना घेतात, त्याला स्वॅब म्हणतात. ती काडी एका छोट्या ट्यूबमध्ये टाकायची, ट्यूबमध्ये बहुतेक वेळा गुलाबीसर रंगाचं पाणी असतं, विषाणू वाटेत खराब होऊ नये म्हणून. काडीवर एक खूण असते तिथं ती कट्‌कन मोडायची, झाकण घट्ट लावायचं, नाव आणि नंबर लिहायचा, मग ट्यूब पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या डब्यात आणि तो डबा बर्फाच्या पॅकबरोबर बॉक्समध्ये. उन्हाळ्यात आपल्याकडं पारा ४२-४३ ला जातो तेव्हा तो बर्फ टिकवणं हेच अर्धं काम असतं, आणि पीपीई किटच्या आत घामानं काय हाल व्हायचे ते विचारूच नका.

लॅबमध्ये आल्यावर त्या पाण्यातून विषाणूचा आरएनए वेगळा काढतात. आरएनए म्हणजे विषाणूची आपली प्रत कशी बनवायची त्याची लिखित सूचना समजा. पण तो इतका कमी असतो की तसा दिसणारच नाही, म्हणून त्याचा आधी डीएनए करतात, आरटी म्हणजे हाच भाग, आणि मग मशीनमध्ये गरम-थंड करत तो दुप्पट, दुप्पट करत नेतात. दहा फेऱ्यात एकाचे हजाराच्या वर होतात, वीस फेऱ्यात दहा लाखाच्या वर, तीस फेऱ्यात १०७ कोटी. ही दुप्पट करायची युक्ती कॅरी मुलिस नावाच्या अमेरिकन माणसानं १९८३ मध्ये काढली आणि १९९३ मध्ये त्याला नोबेल मिळालं. किती फेऱ्यांनंतर स्क्रीनवरची रेघ वर उचलली तो आकडा म्हणजे सीटी व्हॅल्यू. लवकर उचलली म्हणजे नमुन्यात विषाणू जास्त, उशिरा उचलली म्हणजे कमी, आणि आयसीएमआरनं, म्हणजे वैद्यकीय संशोधनाच्या केंद्र सरकारच्या संस्थेनं, ३५ पर्यंत पॉझिटिव्ह धरायचं ठरवलं होतं. लोक मात्र सीटी व्हॅल्यू दहावीच्या मार्कासारखी एकमेकांना सांगत बसायचे. काडी नुसती नाकाच्या तोंडाशी फिरवली तरी आकडा बदलतो, त्यामुळं त्यावरून पेशंट किती सिरियस आहे ते ठरवू नका असं आयसीएमआरनंही सांगितलं होतं.

सॅम्पल हातात आल्यापासून पाच-सहा तासात रिपोर्ट तयार होऊ शकतो. मग आपल्याला तीन-तीन चार-चार दिवस का लागायचे?

मशीन आलं म्हणजे टेस्ट आली असं होत नाही

हे सोलापूरकराला समजावणं सगळ्यात सोपं आहे. उजनी आपल्याच जिल्ह्यात, पावसाळ्यात शंभर टक्के भरल्याची बातमी येते, आणि आपल्या नळाला पाणी चार-पाच दिवसांनी. धरणात पाणी नाही म्हणून नाही, तर मधली पाइपलाइन, पंप, टाक्या, वीज यातलं कुठंतरी काहीतरी अडतं म्हणून, आणि नळाला किती पाणी येणार ते त्यातल्या सगळ्यात अरुंद जागेवर ठरतं. टेस्टचं डिट्टो हेच. देशात रोज इतके लाख टेस्ट होतात असं टीव्हीवर सांगायचे ते धरणाचं पाणी. आपल्या गल्लीतल्या माणसाला मिळणारी टेस्ट हे नळाचं.

मधल्या जागा कुठल्या ते पण बघा. काडी पाहिजे, ट्यूब पाहिजे, स्वॅब घ्यायला शिकलेला माणूस पाहिजे, आरएनए काढायचं किट पाहिजे, पीसीआरचं किट वेगळं पाहिजे, मशीन, ते चालवणारा, आणि शेवटी रिपोर्ट कॉम्प्युटरमध्ये भरणारा. एका मशीनमध्ये एका वेळी ९६ खाचांची प्लेट लागते, त्यातल्या दोन-तीन तपासणी बरोबर चालली का ते बघायला जातात, म्हणजे साधारण ९३-९४ पेशंट. २०२० च्या उन्हाळ्यात मशीन होती पण किट नव्हती असं देशात कितीतरी ठिकाणी झालं. एप्रिल २०२१ मध्ये किट होती पण सॅम्पलचा ढीग इतका की माणसं पुरेनात. आणि ढिगात पडलेल्या सॅम्पलला आपण तातडीचं आहोत की नाही ते सांगता येत नाही.

सुरुवातीला सगळं पुण्याला का जायचं

चीननं विषाणूचा जनुकीय आराखडा जानेवारी २०२० च्या दुसऱ्या आठवड्यात जगासमोर ठेवला, त्यावरून बर्लिनच्या शास्त्रज्ञांनी काही दिवसांतच टेस्टची पद्धत बनवून दिली. म्हणजे जगाला टेस्ट मिळायला महिनाही लागला नाही. भारतात पहिला पेशंट केरळमध्ये ३० जानेवारीला सापडला तेव्हा तपासणीची सगळी भिस्त पुण्याच्या एनआयव्हीवर, म्हणजे राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेवर. सोलापूरचे सुरुवातीचे सॅम्पलही अडीचशे किलोमीटर पुण्याला गेले. नंतर आपल्या सिव्हिलच्या आवारात, डॉ. वैशंपायन मेडिकल कॉलेजात लॅब सुरू झाली आणि फरक पडला, पण करमाळ्याचं सॅम्पल सोलापूरला यायचं तर शंभर किलोमीटरच्या वरच. तिथल्या माणसासाठी सोलापूर हेच पुणे.

दुसरी गोष्ट अशी की सुरुवातीला टेस्ट कुणाची करायची याचे नियमच फार कडक होते. परदेशातून आला का, पॉझिटिव्ह माणसाच्या संपर्कात होता का, नसेल तर घरी जा. हॉस्पिटलमध्ये भरती असलेल्या, श्वासाचा गंभीर त्रास असलेल्या सगळ्या पेशंटची टेस्ट करायची हे २० मार्च २०२० ला ठरलं. खासगी डॉक्टरांच्या चिठ्ठीवरही टेस्ट होऊ द्या असं केंद्रानं राज्यांना १ जुलैला सांगितलं, आणि ज्याला मनानं करायची त्यानं करावी ही सूट ४ सप्टेंबरला. किट कमी असताना नियम कडक ठेवणं समजू शकतो. पण त्याचा परिणाम असा की ज्याचा परदेशाशी काडीचा संबंध नाही तो माणूस सापडायचाच नाही. सोलापूर शहरातला पहिला पेशंट एप्रिल २०२० च्या दुसऱ्या आठवड्यात कळला, तोही मृत्यूनंतर रिपोर्ट आल्यावर. म्हणजे विषाणू शहरात आधीच फिरत होता, आपल्याला कळलं उशिरा.

"पण टेस्ट फुकट होती की"

सरकारीत फुकट होती, बरोबर. खासगीचा हिशोब बघा. २१ मार्च २०२० ला केंद्रानं खासगी लॅबसाठी जास्तीत जास्त ४,५०० रुपये ठरवले. ८ एप्रिलला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की खासगीतही फुकट करा, मग लॅबवाले म्हणाले पैसे कोण देणार, १३ एप्रिलला कोर्टानं आदेश बदलला, आयुष्मान भारतमध्ये बसणाऱ्यांना आणि सरकार ठरवेल त्या गरिबांना फुकट, बाकीच्यांनी पैसे भरायचे. महाराष्ट्रात जून २०२० मध्ये दर २,२०० झाला, घरी येऊन घेतलं तर २,८००. त्यानंतर राज्य सरकारनं तो उतरवतच नेला आणि मार्च २०२१ च्या शेवटी तो ५०० वर आला, डिसेंबर २०२१ मध्ये ३५० वर. वर्ष-पावणेदोन वर्षात ४,५०० ची वस्तू ३५० ला. पुण्याच्या मायलॅबला पहिल्या देशी किटची परवानगी मार्च २०२० मध्येच मिळाली होती, मग अजून कंपन्या आल्या, माल वाढला, भाव पडला. यात कुणाचं किती मार्जिन सुटलं यावर मी बोलत नाही, पोटापाण्याचा प्रश्न आहे.

पण हा सगळा पावतीवरचा आकडा. आता सोलापूरच्या पूर्व भागात या. साखर पेठ, अशोक चौक, विडी घरकुल, इथं घरटी एक तरी बाई विडी वळते. कारखान्याच्या शाखेतून पान-तंबाखू आणायची, घरी सूप मांडीवर घेऊन वळायची, आणि माल परत नेऊन द्यायचा, हजारावर मजुरी. यंत्रमागावर टॉवेल-चादर काढणाऱ्याचंही तेच, जेवढा माल तेवढे पैसे. यांना पगारी रजा हा प्रकारच नाही.

दुसऱ्या लाटेच्या आधीची गोष्ट, एका गल्लीत कॅम्प लावला होता. टेबल मांडलं, माणसं बसलेली, सगळं फुकट, आणि समोर कुणीच नाही. दारात विडी वळत बसलेल्या एका अक्कांना म्हटलं, अक्का, दोन मिनिटांचं काम आहे, या की. हात न थांबवता त्या म्हणाल्या, "दादा, पॉझिटिव्ह आलं तर शाखेत माझा माल घेतील का? आणि नाही घेतला तर तू देणार का चौदा दिवसाचं?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. बाजूला त्यांची सून हसत होती. अडाणीपणा बिलकुल नव्हता ओ त्यात, सरळ हिशोब होता. टेस्ट फुकट, पॉझिटिव्ह आल्याचा खर्च मात्र घरच्या सगळ्यांची दोन आठवड्यांची मजुरी, कारण एकाला आलं की सगळं घर बंद. त्यात गल्लीला बांबू लागणार, पत्रे लागणार, शेजारी बोलणार, आणि घरातल्याला केगावच्या कोविड सेंटरला नेणार ही भीती वेगळीच. मी पगारी माणूस, मला ताप आला तर मी लगेच टेस्ट करायचो, त्यात माझा काय शहाणपणा? माझं नुकसान होत नव्हतं.

आपल्याकडं बऱ्याच जणांनी "पूर्व भागातले लोक सहकार्य करत नाहीत" असं ठोकून दिलं. मला ते तेव्हाही पटलं नाही, आताही नाही. पॉझिटिव्ह माणसाच्या दारात धान्य आणि रोख पैसे पोचले असते, आणि मग लोक आले नसते, तर बोला. जिथं विलगीकरणाबरोबर भरपाई असते तिथं टेस्टिंग वाढतं ही काही रॉकेट सायन्सची गोष्ट नाही.

अजून एक बारीक गोष्ट. फॉर्मवर मोबाईल नंबर लागायचा आणि रिपोर्टचा निरोप त्याच नंबरवर. घरात फोन एक, तो पोराच्या खिशात, पोरगा पुण्याला कामाला. कितीतरी रिपोर्ट बरोबर वेळेवर गेले, फक्त ज्याचे होते त्याच्याकडं गेले नाहीत.

रिपोर्ट उशिरा आला तर असं काय बिघडतं

खूप बिघडतं. कोरोनात माणूस लक्षणं दिसायच्या दोन दिवस आधीपासून दुसऱ्याला देऊ शकतो, आणि लक्षणं सुरू होतात त्या दिवसाच्या आसपास सगळ्यात जास्त. साधा आजार असेल तर आठ-दहा दिवसांनी तो जवळपास कुणाला देत नाही. आता आपला नेहमीचा माणूस घ्या. पहिल्या दिवशी ताप, क्रोसिन. दुसऱ्या दिवशी वातावरण बदललंय म्हणून असेल. तिसऱ्या दिवशी जवळच्या डॉक्टरकडं, चौथ्या दिवशी स्वॅब, सातव्या दिवशी रिपोर्ट. तोपर्यंत त्याला ज्यांना द्यायचं त्यांना देऊन झालंय, बायकोला, आईला, शेजारच्या मागावरच्या माणसाला. रिपोर्ट शंभर टक्के खरा आहे आणि साथ रोखायला त्याचा उपयोग जवळपास शून्य.

पेशंटच्या बाजूनंही तेच. बऱ्याच ठिकाणी पॉझिटिव्ह रिपोर्ट नाही म्हणून बेड नाही असं चालायचं. ऑक्सिजन ८५ वर आलेला माणूस रिक्षात आणि नातेवाईक रिपोर्ट कधी येतोय म्हणून मोबाईलकडं बघत. शेवटी मे २०२१ मध्ये केंद्राला काढावं लागलं की भरती करायला पॉझिटिव्ह रिपोर्टची सक्ती नाही. तोपर्यंत दुसरी लाट डोक्यावर होती. याच काळात लोकांनी आरटी-पीसीआरचा नाद सोडून सरळ छातीचा स्कॅन, एचआरसीटी, करायला सुरुवात केली कारण त्याचा रिपोर्ट संध्याकाळपर्यंत हातात. साधा खोकला असलेला माणूसही दोन-तीन हजार देऊन स्कोअर काढून यायचा. वेळेवर टेस्ट मिळाली नाही की लोक महागडा आणि नको तो पर्याय शोधतात, हे त्याचं उदाहरण.

"ती अँटिजेन तर खोटीच होती"

खोटी नव्हती, कमी पकडणारी होती, आणि या दोन्हीत फरक आहे. रॅपिड अँटिजेन टेस्टमध्ये दुप्पट-बिप्पट काही करत नाहीत, विषाणूचं प्रथिन थेट पट्टीवर ओळखतात, म्हणून विषाणू भरपूर असेल तरच रेघ उमटते. मशीन नाही, अर्ध्या तासात उत्तर. आयसीएमआरनं जून २०२० मध्ये पहिल्या किटला मान्यता दिली तेव्हाच सांगितलं होतं की खऱ्या पेशंटपैकी ५०.६ ते ८४ टक्के ही पकडते, आणि ज्याला रोग नाही त्याला ९९.३ ते १०० टक्के वेळा बरोबर निगेटिव्ह सांगते. म्हणजे पॉझिटिव्ह आली तर धरा, लक्षणं असून निगेटिव्ह आली तर सोडून देऊ नका, आरटी-पीसीआर करा. नियम असाच होता. प्रत्यक्षात निगेटिव्हचा कागद मिळाला की माणूस हसत घरी आणि दुसऱ्या दिवशी लग्नात.

पण विचार करा, जुलै २०२० मध्ये सोलापुरात दहा दिवसांचं लॉकडाऊन लागलं तेव्हा या अँटिजेनवरच मोठ्या प्रमाणात तपासणी करता आली. शंभरातले साठ-सत्तर आज दुपारी सापडणं हे नव्वद जण पुढच्या आठवड्यात सापडण्यापेक्षा बरं, कारण ज्याच्या नाकात विषाणू जास्त तोच जास्त पसरवणारा आणि अँटिजेन नेमका त्यालाच पकडते. उलट आरटी-पीसीआर कधी कधी बरा झालेल्या माणसालाही तीन-चार आठवडे पॉझिटिव्ह दाखवत राहते, मेलेल्या विषाणूचे तुकडे सापडतात म्हणून. एकाच माणसाचे दोन रिपोर्ट वेगवेगळे यायचे आणि लोक लॅबवाल्याची गचांडी धरायचे, त्यातल्या बऱ्याच भांडणांचं मूळ इथं आहे.

मग सगळ्यांचीच टेस्ट करायची ना, विषय संपला

इथं थोडं गणित आहे, पण सोडू नका, मजा आहे. समजा एका भागात १०,००० लोक आणि त्यातल्या १०० जणांना रोग आहे. सगळ्यांची अँटिजेन केली. ती खऱ्यांपैकी ७० टक्के पकडते असं धरलं तर ७० सापडले, ३० निसटले. उरलेल्या ९,९०० निरोगी लोकांत ती ९९.३ टक्के बरोबर सांगते, म्हणजे हजारी सात चुका, म्हणजे साधारण ६९ जण फुकट पॉझिटिव्ह. एकूण १३९ पॉझिटिव्ह आले, त्यात निम्मे खोटे! आता तीच टेस्ट, तेवढेच लोक, पण रोग २,००० जणांना आहे असं धरा. १,४०० खरे सापडतील आणि खोटे फक्त ५६. टेस्ट तीच, आपण ती कुठं वापरली त्यावर ती भरवशाची की बिनभरवशाची ते ठरलं.

म्हणून जिथं लक्षणं आहेत, जिथं संपर्क आहे, जिथं गर्दीत काम चालतं तिथं आधी टेस्ट करायची असते. सरसकट सगळ्यांची करून किट संपवायची आणि मग खऱ्या पेशंटला थांबवायचं हा तोट्याचा धंदा.

रोग कमी असेल तिथं अजून एक युक्ती आहे, पूल टेस्टिंग. पाच जणांचे नमुने एकत्र करून एकच टेस्ट करायची, निगेटिव्ह आली तर पाचही मोकळे, पॉझिटिव्ह आली तरच पाच वेगळ्या करायच्या. शंभर लोकांत एकच पॉझिटिव्ह असेल तर २० आणि ५ मिळून २५ टेस्टमध्ये काम होतं, शंभर लागत नाहीत. रॉबर्ट डॉर्फमन नावाच्या माणसानं हे १९४३ मध्ये अमेरिकन सैन्यातल्या सिफिलिसच्या तपासणीसाठी सुचवलं होतं. आयसीएमआरनं एप्रिल २०२० मध्ये याला परवानगी दिली, पण मुख्यतः पॉझिटिव्ह प्रमाण दोन टक्क्यांच्या खाली असेल तिथं. वीस टक्के पॉझिटिव्ह येत असतील तर बहुतेक गठ्ठे पॉझिटिव्ह येणार, ते सगळे परत वेगळे तपासायचे, म्हणजे टेस्ट फारशा वाचणार नाहीत आणि वेळ मात्र जास्त जाणार.

"टेस्ट वाढवल्या म्हणूनच आकडे वाढले"

हे वाक्य मी कट्ट्यावर इतक्या वेळा ऐकलंय. टेस्ट वाढवल्या की सापडणारे वाढतात हे खरं, पण रोग टेस्टमुळं होत नाही. बघायचं असतं ते शंभर टेस्टमागं किती पॉझिटिव्ह आले ते, त्याला पॉझिटिव्हिटी रेट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेनं मे २०२० मध्ये सांगितलं होतं की दोन आठवडे हा दर पाच टक्क्यांच्या खाली असेल तर निर्बंध सैल करायचा विचार करा. दर वीस-पंचवीस असेल तर समजायचं की आपण फक्त फार आजारी असलेल्यांचीच टेस्ट करतोय आणि बाकीचे बाहेर फिरतायत.

मृत्युदराचंही तसंच. २०२० च्या उन्हाळ्यात सोलापूर शहराचा मृत्युदर राज्यात चर्चेचा विषय झाला होता. लोक खरंच उशिरा येत होते, वयस्कर होते, बीपी-शुगरचे होते, हे आहेच. पण सौम्य पेशंट मोजलेच गेले नाहीत तर भागाकारातला खालचा आकडा, म्हणजे एकूण पेशंट, लहान राहतो आणि टक्केवारी फुगते, हेही त्यात आहे. किती हे आणि किती ते, हे वेगळं करायला सुद्धा टेस्टच लागतात. गंमत बघा.

एका रोगाच्या नादात दुसरा

याकडं फार कमी लोकांचं लक्ष गेलं. टीबी तपासायची जी मशीन असतात, सीबीनॅट आणि आपल्या गोव्याच्या कंपनीचं ट्रूनॅट, ती कोरोनासाठीही चालतात, म्हणून २०२० मध्ये ठिकठिकाणी ती कोरोनाला जुंपली. छोटं मशीन, तासा-दोन तासात उत्तर, तालुक्याला एकदम सोयीचं. पण त्याच मशीनची वाट बघणारा खोकलणारा टीबीवाला मागं पडला, त्यात लॉकडाऊन, त्यामुळं तो दवाखान्यातही आला नाही. देशात २०१९ मध्ये २४ लाखांवर टीबी पेशंटची नोंद झाली होती, २०२० मध्ये ती १८ लाखांवर आली. टीबी काही एका वर्षात पाव हिश्श्यानं कमी झाला नव्हता, ते पेशंट घरात होते आणि घरच्यांना देत होते.

शिवाय या मशीनला ज्याची त्याची कार्ट्रिज, म्हणजे नमुना घालायची डबी, लागते, दुसऱ्याची चालत नाही. मशीन एकदा घेतलं की मग कार्ट्रिजवाला सांगेल तो भाव. सीबीनॅटच्या परदेशी कंपनीनं गरीब देशांसाठी टीबीच्या कार्ट्रिजचा भाव आठ डॉलरच्या आसपास आणला तो थेट सप्टेंबर २०२३ मध्ये, तोही रुग्णांच्या संघटनांनी आणि डॉक्टरांच्या गटांनी वर्षानुवर्षं बोंब मारल्यावर. साथीत तर श्रीमंत देश आधी उचलतात आणि बाकीचे रांगेत. मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेत साथींबद्दलचा करार मंजूर झाला, त्यात औषध-लसींबरोबर टेस्टचाही विचार आहे, सामील होणाऱ्या कंपन्यांनी साथीच्या वेळी २० टक्के माल संघटनेला उपलब्ध करून द्यायचा, त्यातला निदान निम्मा दान म्हणून. कागदावर चांगलं आहे. आपल्या झोनच्या दवाखान्यापर्यंत त्यातलं काय पोचतं ते तेव्हाच कळेल.

आता घरी किट मिळतं, मग कॅम्प कशाला

मे २०२१ मध्ये घरी करायच्या पहिल्या किटला मान्यता मिळाली, तेव्हा किंमत २५० रुपये, मेडिकलमध्ये कुणालाही. चांगली सोय आहे, मी स्वतः लोकांना सांगायचो घ्या म्हणून. पण २५० रुपये हे विडी वळणाऱ्या घरात मोठे आहेत, सूचना वाचून अ‍ॅपवर फोटो टाकायचा तर स्मार्टफोन पाहिजे, आणि पॉझिटिव्ह आली तरी माणूस सांगेलच असं नाही. ओमिक्रॉनच्या वेळी, जानेवारी २०२२ मध्ये, किती जणांनी घरी काडी घातली, पॉझिटिव्ह आले आणि गप्प बसले त्याचा हिशोबच नाही. ज्याच्याकडं पैसे आणि वेगळी खोली आहे त्याचं यात भागतं.

पुढच्या वेळी, म्हणजे कधीतरी येणारच आहे, महापालिकेकडं किती मशीन आहेत ते विचारू नका, स्वॅबपासून रिपोर्टपर्यंत किती तास लागतात ते विचारा, आणि पॉझिटिव्ह माणसाच्या घरी पहिल्या दिवशी काय पोचतं ते विचारा. कॅम्प सकाळी अकराला मंगल कार्यालयात लावून उपयोग नाही, त्या वेळी आमचे लोक कामावर असतात. यंत्रमागाची पाळी सुटते त्या वेळेला एमआयडीसीच्या गेटवर लावा. विडी कारखान्याच्या शाखेत माल जमा करायला बायका रांगेत उभ्याच असतात, टेबल तिथं मांडा, त्यांच्याशी तेलुगूत बोलेल असं एक माणूस बसवा, अर्ध्या तासात रेघ दिसेल अशी टेस्ट करा. आणि पॉझिटिव्ह आलेल्या बाईचा त्या दिवशीचा माल बाजूला ठेवून का होईना पण घ्यायचा, मजुरी कापायची नाही, हे कारखानदारांकडून आधी लिहून घ्या. ते लिहून मिळालं की पोस्टर छापायची फारशी गरज पडणार नाही.